हॉलमधे एवढे लाईट, तरी बास्केटबॉलचे फोटो काळे काहून येतात?

मानकापूरच्या इनडोअर स्टेडियममधे मॅच होती, हाफटाईमला एक काका माझ्याजवळ आले आणि फोन पुढे केला. "भाऊ, ही माझी पोरगी, सात नंबर. पाहा ना, नुसता धूर दिसून राहिला. वर एवढे लाईट लागून आहे तरी फोटो काळे काहून येते?" फोटोत खरंच एक निळसर पट्टा होता, त्याला दोन पाय होते आणि जिथं चेहरा पाहिजे तिथं डाग. त्यांना मी पाच मिनिटात सांगता येईल तेवढं सांगितलं, पण हा प्रश्न मला दर टूर्नामेंटला कोणी ना कोणी विचारतोच, कधी आईवडील, कधी नवीन कॅमेरा घेतलेले पोट्टे, आणि याचं उत्तर पाच मिनिटांचं नाहीच आहे, म्हणून नीट बसून लिहितो.

सगळ्यात आधी डोळ्याचं. आपला डोळा या बाबतीत फार फसवतो. बाहेरून आत आलो की बाहुली मोठी होते, डोळा अंधाराला सरावतो आणि दोन मिनिटात आपल्याला वाटतं की हॉलमधे मस्त उजेड आहे. कॅमेऱ्याला असं सरावता येत नाही, त्याच्या हिशोबानं जेवढा उजेड आहे तेवढाच आहे. आता मे महिन्याच्या दुपारी व्हेरायटी चौकात उभे राहा, त्या उन्हाचा उजेड साधारण एक लाख लक्स असतो (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप, फोनवर अ‍ॅप मिळते). आणि खेळाच्या साध्या हॉलमधे कोर्टवर समजा ५०० लक्स आहेत. ५०० म्हणजे वाईट नाही बरं का, घरी रात्री बैठकीत याच्यापेक्षा खूप कमी असतात. पण चौकातल्या उन्हाच्या मानानं ते दोनशे पट कमी झाले. दोनशे पट! डोळ्याला हा फरक दोन-चार पटीचा वाटतो, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

हा आकडा धरून मी पोरांना एक हिशोब करून दाखवतो, वहीवर करा, एकदा केला की विसरत नाही. आधी तीन शब्द: एफ म्हणजे लेन्सच्या भोकाचं माप, आकडा लहान तेवढं भोक मोठं; शटर म्हणजे उजेड आत यायला सेकंदाचा किती भाग मिळाला; आयएसओ म्हणजे आलेला उजेड किती वाढवून दाखवायचा. उन्हातला जुना नियम असा की एफ १६, शटर १/१२५ आणि आयएसओ १०० ठेवलं की फोटो बरोबर येतो. आता तोच कॅमेरा हॉलमधे आणला. उजेड २०० पट कमी. वरून खेळाडू पळून राहिले म्हणून शटर १/१२५ चालत नाही, १/१००० पाहिजे, म्हणजे उजेड आत यायला वेळ अजून ८ पट कमी. २०० गुणिले ८, म्हणजे १६०० पट तोटा. यातलं भरून काय निघते? लेन्सचं भोक मोठं केलं, एफ १६ वरून एफ २.८ वर आलो तर ३२ पट जास्त उजेड येतो. १६०० भागिले ३२, उरले ५०. हे ५० आयएसओनं भरायचे, १०० गुणिले ५०, आयएसओ ५०००. झालं. इनडोअर बास्केटबॉलचे फोटो आयएसओ ३२००, ५०००, ६४०० वर काढतात ते याच्यामुळे, त्यात फोटोग्राफरची हौस नाही, गणित आहे.

आणि हे महागड्या लेन्सनं झालं. कॅमेऱ्यासोबत डब्यात जी लेन्स येते ती झूम केल्यावर एफ ५.६ ची होते, एफ २.८ च्या मानानं चार पट कमी उजेड. म्हणजे आयएसओ २०,००० पाहिजे. कॅमेरा ऑटोवर असला तर तो एवढा आयएसओ लावायला कचरतो, त्याच्याऐवजी शटर १/१०० वर आणून ठेवतो, आणि मग खेळाडूचा धूर होतो. काकांच्या फोनमधेही तेच झालं होतं.

धूर का होतो ते पण बघून घ्या. कोर्टवर जोरात पळणारा खेळाडू सेकंदाला सहा मीटर सहज जातो. १/१२५ सेकंद शटर उघडं राहिलं तर तेवढ्यात तो जवळपास पाच सेंटीमीटर पुढे सरकला, म्हणजे चेहऱ्यावर पाच सेंटीमीटरचा फराटा, नाक कुठं अन कान कुठं. १/१००० ला हाच फराटा सहा मिलीमीटरचा होतो, तो दिसत नाही. हात आणि बॉल तर अंगापेक्षा जोरात फिरतात, त्यामुळे १/८०० च्या खाली मी नाईलाज असला तरच जातो. बोटांच्या टोकावरून बॉल सुटताना बॉलवरचे दाणे फोटोत मोजता आले पाहिजेत, तेव्हा समजायचं शटर बरोबर आहे.

आता आयएसओची भीती. पोट्टे मला म्हणतात दादा आयएसओ वाढवला की ठिपके येतात, म्हणून आम्ही १६०० च्या वर जातच नाही, फोटो काळा काढतो आणि घरी कॉम्प्युटरवर उजळवतो. अरे पण ते ठिपके आयएसओनं येत नाहीत ना, ते उजेड कमी पडल्यानं येतात. कमी उजेड म्हणजे सेन्सरवर (कॅमेऱ्यातला उजेड टिपणारा भाग) उजेडाचे कमी थेंब पडले, पावसाच्या पहिल्या सरीत अंगणात कसे कुठं ओले कुठं कोरडे ठिपके दिसतात तसंच. आयएसओ फक्त जे आलं त्याला मोठं करून दाखवतो. काळा फोटो घरी उजळवला तर तेच ठिपके मोठे होतात, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत तर सावलीतले जास्तच घाण दिसतात. म्हणून आयएसओ ६४०० लावा आणि उजेड पूर्ण घ्या. ठिपके असलेला स्पष्ट फोटो पेपरात छापता येतो, घरी फ्रेम करता येतो. गुळगुळीत धुराचं काय करणार?

लेन्सबद्दल. एफ २.८ ची ७०-२०० एमएम झूम (एमएमचा आकडा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं) ही या कामाची नेहमीची लेन्स, पण नवीन घ्यायची तर लाखाच्या बरीच पुढे जाते. मी सुरुवात ८५ एमएम एफ १.८ नं केली, अजूनही बॅगेत असते, किमतीच्या मानानं तिच्याइतकी कामाची लेन्स दुसरी नाही. एफ १.८ म्हणजे एफ २.८ पेक्षा सव्वादोन-अडीच पट जास्त उजेड. झूम होत नाही, मग आपण जागा बदलायची. नागपुरात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या जवळपास प्रत्येकाकडे ही लेन्स असते, ओळखीतून मागा, फक्त लग्नसराईत मागू नका, मिळणार नाही.

पण भोक मोठं केलं की त्याची किंमत मोजावी लागते, फोकसचा पट्टा बारीक होतो. ८५ एमएम एफ १.८ वर, आठ मीटरवरच्या खेळाडूवर फोकस केला तर त्याच्या पुढचंमागचं मिळून जेमतेम एक मीटरच स्पष्ट येतं. ७०-२०० पूर्ण झूम करून एफ २.८ वर पंधरा मीटरवर काढलं तरी तेवढंच, एक मीटर. आणि खेळाडू सेकंदाला सहा मीटर पळतोय, म्हणजे तो पट्टा ओलांडायला त्याला सेकंदाचा सहावा भाग लागतो. म्हणून फोकस सतत मागे लागणारा पाहिजे, कॅननमधे त्याला एआय सर्वो म्हणतात, निकॉन-सोनीत एएफ-सी. अजून एक, फोकस शटरच्या बटनावरून काढून मागच्या बटनावर टाका. अंगठ्यानं फोकस धरायचा, बोटानं फोटो काढायचा. मधे रेफरी आडवा आला की अंगठा उचलायचा, फोकस जिथं होता तिथंच थांबतो, रेफरी गेला की परत दाबायचा. हाताला सवय व्हायला दहा-बारा मॅच लागतात, पण झाल्यावर तुम्ही जुन्या पद्धतीवर कधी परत जाणार नाही.

आता लाईटची दुसरी भानगड. ही मला कोणी सांगितली नव्हती आणि मी ती फार वाईट दिवशी शिकलो. एका बाहेरगावच्या हॉलमधे मुलींची फायनल होती, नवा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा होता आणि मी सायलेंट शटर, म्हणजे पडदा न हलवता फोटो काढणारं, लावून बसलो होतो, सेकंदाला वीस फोटो, आवाज नाही, काही नाही. शेवटच्या काही सेकंदात एका पोरीनं दोघींच्या मधून जाऊन बास्केट केली आणि मॅच जिंकली. मला सगळं मिळालं होतं, चेहरा, बॉल, मागे तोंडावर हात ठेवलेली बेंच. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर उघडलं तर प्रत्येक फोटोवर आडवे पट्टे, एक उजळ एक काळा एक उजळ एक काळा, बरोबर तिच्या चेहऱ्यावरून गेलेले. तिनं दुसऱ्या दिवशी फोटो मागितला आणि मी पाठवू शकलो नाही. ते मला आजही लागून आहे, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगतो.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आहे. त्यावर चालणारे बरेच लाईट सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात, म्हणजे दर दहा मिलीसेकंदाला एकदा उजेड वर जातो आणि खाली येतो. डोळ्याला हे कळत नाही. पण १/१००० चं शटर म्हणजे फक्त एक मिलीसेकंद, म्हणजे दहा घासांपैकी तुम्ही एकच घास घेऊन राहिले, तो भरलेला निघेल की रिकामा ते नशिबावर. म्हणून लागोपाठच्या तीन फोटोंत एक उजळ, एक काळपट, एक पिवळा असं होतं. जुन्या मेटल हॅलाईड लाईटमधे उजेडाबरोबर रंगही बदलतो. हे झालं साध्या शटरचं.

सायलेंट शटरमधे सेन्सर वरून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांना पूर्ण फोटो वाचायला सेकंदाचा विसावा ते पन्नासावा भाग लागतो. तेवढ्यात लाईट दोन-चार वेळा वरखाली होऊन जातो, आणि ते वरखाली होणं फोटोवर पट्ट्यासारखं छापलं जातं. एलईडी लाईट असेल आणि त्याचा ड्रायव्हर (लाईटला वीज पुरवणारा भाग) स्वस्तातला असेल तर पट्टे अजून ठळक. साध्या मेकॅनिकल शटरचा पडदा फ्रेमवरून तीन-चार मिलीसेकंदात सरकून जातो, त्यामुळे पट्टे सहसा पडत नाहीत, फार तर फोटो एका बाजूला जरा काळा येतो. म्हणजे उपाय दोन. एक, इनडोअरला मेकॅनिकल शटर वापरा, आवाज होऊ द्या, बास्केटबॉलच्या हॉलमधे तुमच्या शटरचा आवाज कोणाला ऐकू येत नाही. दोन, मेनूत जाऊन अँटी-फ्लिकर सुरू करा. कॅमेरा लाईटची लय पकडतो आणि उजेड टोकावर असतानाच शटर उघडतो. सेकंदाला फोटो थोडे कमी निघतात पण सगळे सारखे निघतात. ज्याच्यात पूर्ण सेन्सर एकदम वाचला जातो असा कॅमेरा सोनीनं २०२३ मधे जाहीर केला, ए९ थ्री, त्यात ओळीओळीनं वाचल्यामुळे हलणारी वस्तू वाकडीतिकडी येणंच संपलं आणि असे पट्टेही बहुतेक पडत नाहीत. पण त्याची किंमत बघता आपल्यातल्या बहुतेकांना अँटी-फ्लिकरवरच भागवायचं आहे.

आता एक चांगली बातमी. हॉलमधला उजेड कमी आहे, वाईट आहे, पण तो तासनतास तसाच राहतो. क्रिकेटमधे ढग येतात, ऊन उतरते, सावली पिचवर सरकते. हॉलमधे असं काही नाही, सात वाजता जो उजेड तोच नऊ वाजता. म्हणून मी मॅचच्या एक तास आधी जातो, पोट्टे वॉर्मअप करून राहिले असतात तेव्हा सगळं मॅन्युअलवर लावून घेतो, आणि एकदा लावलं की मॅच संपेपर्यंत हात लावत नाही. ऑटोवर का नाही? कारण कॅमेरा जर्सी पाहून गोंधळतो. पांढरी जर्सी फ्रेममधे मोठी आली की त्याला वाटतं उजेड वाढला, मग तो फोटो काळा करतो. काळी जर्सी आली की उलटं. खेळाडूच्या चेहऱ्यावरचा उजेड मात्र तोच असतो.

फक्त जागा तपासून घ्या. रिंगखाली, थ्री पॉइंटच्या लाईनवर आणि मधल्या वर्तुळात एकेक फोटो काढून पाहा, बहुतेक हॉलमधे मधे उजेड जास्त आणि कोपऱ्यात कमी असतो. मी रिंगजवळच्या उजेडावर सेट करतो कारण फोटो तिथंच होतात. दिवसा मॅच असेल आणि वरच्या खिडक्यांतून ऊन येत असेल तर मात्र लक्ष ठेवावं लागतं. रंगाचंही तसंच, व्हाईट बॅलन्स (पांढरा रंग पांढराच दिसावा याची सेटिंग) ऑटोवर ठेवू नका, पांढरा कागद कोर्टवर धरून कस्टम सेट करा. लाकडी कोर्ट असलं की खालून नारिंगी झाक चेहऱ्यावर येते, हनुवटीखाली दिसते बघा, ती पूर्ण घालवायची नाही, घालवली तर माणसं आजारी दिसतात. आणि नंतर काही शंका आली तर फ्री थ्रोची (फाऊलनंतर मिळणारा मोकळा शॉट) वाट बघा. खेळाडू बोर्डापासून ४.६ मीटरवर शांत उभा असतो, हलत नाही, उजेड आणि फोकस तपासायला मॅचमधे याच्यापेक्षा चांगली वेळ नाही.

मग फ्लॅश का नाही मारत, हा पुढचा प्रश्न. कॅमेऱ्यावरचा फ्लॅश मारू नका, कधीच नाही. शॉट घेणाऱ्याच्या डोळ्यात जातो, रेफरी तुम्हाला उठवेल आणि त्याचं बरोबरच आहे. शिवाय उपयोगही नाही, अंतर चारपट झालं की फ्लॅशचा उजेड सोळा पट कमी होतो, तीन मीटरवरचा डिफेंडर पांढराफटक आणि बारा मीटरवरचा शूटर काळा.

पण एनबीएचे (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) जे फोटो आपण पाहतो, ज्यात घामाचा एकेक थेंब चमकतो, त्यातले बरेच फ्लॅशवरच काढलेले असतात, फक्त फ्लॅश कॅमेऱ्यावर नसतो. एरिनाच्या छताजवळ जे लोखंडी मचाण असतं, ज्याला कॅटवॉक म्हणतात, तिथं मोठमोठे स्टुडिओचे फ्लॅश, म्हणजे स्ट्रोब, आधीच बांधून ठेवतात आणि खाली बसलेल्या फोटोग्राफरनं बटन दाबलं की रेडिओवरून ते पेटतात. उंचावरून आणि खूप लांबून येतात म्हणून खेळाडूच्या डोळ्यात जात नाहीत. अँड्र्यू बर्नस्टीन हे नाव या कामात मोठं, १९८० च्या दशकापासून एनबीएसाठी फोटो काढणारा माणूस. या स्ट्रोबमुळे आयएसओ दोनशे-चारशेवर येतो, ठिपके संपले, रंग खरे. पण स्ट्रोब परत भरायला दोन-तीन सेकंद लागतात, म्हणजे एका चालीला एकच फोटो. वीस नाही, एकच. आज आपण बटन दाबून धरतो आणि नंतर निवडतो, ते लोक डंकच्या (उडी मारून बॉल वरून रिंगमधे कोंबणं) आधी ठरवून एकदाच दाबतात.

२०१९ च्या ऑक्टोबरमधे मुंबईत वरळीच्या एनएससीआय डोममधे सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स खेळले, भारतात झालेले एनबीएचे ते पहिले सामने, तेव्हाचे फोटो शोधून पाहा आणि मागची बाजू बघा. कोर्ट झगझगीत आणि प्रेक्षक जवळपास अंधारात असले की नजर सरळ खेळाडूवर जाते. लॉस एंजेलिसला लेकर्सच्या मॅचला तर मुद्दाम नाटकाच्या स्टेजसारखी लाईट ठेवतात. आपल्या हॉलमधे मागे पांढरी भिंत, फ्लेक्स, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि मोबाईल पाहत बसलेले लोक असतात. ते बदलता येत नाही, पण खाली बसता येतं. जमिनीवर मांडी घालून बसा, कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर घ्या, की मागच्या खुर्च्या खाली जातात आणि खेळाडूच्या मागे वरचा अंधार किंवा रिकामी जागा येते. शिवाय खेळाडू उंच दिसतो, उडी खरी तेवढी दिसते. उभं राहून काढलेल्या फोटोत सहा फुटाचं पोट्टंही बुटकं वाटतं.

बसायचं कुठं? बेसलाईनच्या (रिंगमागची कोर्टची शेवटची लाईन) मागे, रिंग आणि कोपरा याच्या मधे. रिंगच्या अगदी खाली नाही, तिथं खांब आडवा येतो आणि खेळाडू अंगावर येतात. फिबाच्या (बास्केटबॉलची जागतिक संघटना) नियमानं लाईनपासून दोन मीटर जागा मोकळी पाहिजे, तिच्या मागेच बसा, बॅग आणि पाण्याची बाटली पायाजवळ पसरू नका. ड्राइव्ह मारून (बॉल घेऊन जोरात रिंगकडे घुसून) आलेला खेळाडू थांबू शकत नाही, तुमच्या बॅगेवर त्याचा पाय मुरगळला तर फोटोला काय अर्थ आहे? टीमा हाफटाईमला बाजू बदलतात, म्हणून ज्या टीमचे फोटो पाहिजे ती ज्या रिंगवर अटॅक करून राहिली त्या रिंगमागे पहिले दोन क्वार्टर बसायचं आणि मग सामान उचलून पलीकडे.

जागेवरून एक किस्सा आठवतो. १९८८ ची शिकागोची स्लॅम डंक स्पर्धा, मायकेल जॉर्डन फ्री थ्रो लाईनवरून उडाला ती. वॉल्टर योस या फोटोग्राफरनं त्याला आधीच जाऊन विचारलं की तू कोणत्या बाजूनं येणार ते मला कळू शकेल का, आणि जॉर्डननं सांगितलं की मी गुडघ्यावर बोट ठेवून दिशा दाखवीन. आपल्या पोट्ट्यांना पण विचारा की. कोण डावखुरा आहे, कोणाचा आवडता शॉट कोणत्या कोपऱ्यातून आहे, कोच टाईमआऊटनंतर काय खेळवतो. शिवाजीनगर जिमखान्याच्या ग्राउंडवर संध्याकाळी प्रॅक्टिस पाहत उभं राहून मला जेवढं कळलं तेवढं कोणत्याही व्हिडिओतून कळलं नाही, तिथं एक पोट्टा शॉटच्या आधी बॉल नेहमी दोनदा आपटायचा, ते माहीत झाल्यावर त्याचा फोटो चुकणं बंद झालं.

आणि उडीबद्दल एक गोष्ट, ही मला सगळ्यात आवडते. उंच उडणारा खेळाडू हवेत थांबला असं आपण म्हणतो ना, ते निव्वळ भास नाही. कोणतीही उडी घ्या, हवेतला अर्धा वेळ खेळाडू उडीच्या सगळ्यात वरच्या पाव भागात घालवतो. समजा उडी साठ सेंटीमीटरची, तर तो हवेत साधारण ०.७ सेकंद असतो, आणि त्यातले ०.३५ सेकंद वरच्या पंधरा सेंटीमीटरमधेच. वर जाताना वेग कमी कमी होत टोकावर शून्य होतो, मग खाली. म्हणजे कॅमेऱ्यासाठी ही सगळ्यात सोपी जागा, अंग वरखाली जवळजवळ हलत नसतं, उजेड फारच कमी असला तर इथं १/५०० वरही काम निघतं. रिबाउंडला (शॉट चुकून परत आलेल्या बॉलसाठी) दोघं-तिघं एकदम वर गेले, हात ताणलेले, बॉल बोटांवर, डोळे बॉलवर, तो क्षण. पण आपल्याला दिसल्यावर बोट दाबलं तर उशीर झाला, डोळ्यापासून बोटापर्यंत निरोप जायलाच पाव सेकंदाच्या आसपास लागतो. म्हणून गुडघे वाकले की दाबायला लागा, उडाल्यावर नाही.

बॉल फ्रेममधे पाहिजे, चेहरा पाहिजे, डोळे दिसले पाहिजे. यातलं एक नसेल तर मी फोटो सहसा ठेवत नाही. अपवाद बेंचचा. टाईमआऊटला कोच वाकून बोलून राहिला आणि पाच चेहरे घामेजलेले त्याच्याकडे पाहून राहिले, तिथं बॉल नको.

बोर्डाच्या काचेमागून काढलेले फोटो पण लोक विचारतात. तो कॅमेरा माणूस धरून नसतो, बोर्डामागच्या लोखंडी फ्रेमला क्लॅम्पनं बांधलेला असतो, फोकस हातानं रिंगवर लावून टेपनं चिकटवलेला, काच पुसलेली, लेन्सच्या भोवती काळं कापड की काचेत स्वतःचंच प्रतिबिंब येऊ नये, आणि खाली बसून रेडिओच्या ट्रिगरनं दाबतात. प्रत्येक वस्तूला, अगदी लेन्सलासुद्धा, वेगळी लोखंडी तार बांधतात. रिंग ३.०५ मीटरवर आहे आणि खाली माणसं खेळतात. आयोजकांची परवानगी आणि ती तार, यातलं एकही नसेल तर हा प्रयोग करू नका, मी अजून प्रॅक्टिसमधेच केला आहे.

काकांकडे परत येतो. त्यांच्याकडे फोनच होता, आणि बहुतेक आईवडिलांकडे फोनच असतो. फोनचा सेन्सर नखाएवढा, उजेड कमी पडला की तो पटापट सात-आठ फोटो काढतो आणि एकात मिसळतो. समोरचं स्थिर असेल तर हे फार छान चालतं, पळणाऱ्याचं मात्र भूत होतं. मी त्यांना सांगितलं की झूम करू नका, झूमची लेन्स बहुतेक फोनमधे कमी उजेडाची असते, एक एक्सवरच ठेवा आणि स्वतः जवळ जा, गॅलरीत वर बसण्यापेक्षा रिंगमागच्या पहिल्या ओळीत. नाईट मोड बंद. प्रो मोड होता त्यांच्या फोनमधे, त्यात शटर १/५०० आणि आयएसओ ३२०० लावून दिला, बटन दाबून धरायचं म्हणून सांगितलं, आणि ती वर गेली की दाबायचं नाही, गुडघे वाकले की.

तिसऱ्या क्वार्टरच्या शेवटी ते परत आले. सात नंबर ले-अपला वर गेलेली, एक गुडघा पोटाशी, बॉल बोटांवर, दात ओठावर घट्ट दाबलेले. पायाशी थोडं हललं होतं आणि सगळीकडे ठिपके होते. "हे ठिपके निघतील का भाऊ?" मी म्हटलं थोडे निघतील, पण सगळे काढले तर चेहरा मेणाचा होईल, राहू द्या. त्यांनी फोटो बोटांनी मोठा केला, दातांपर्यंत नेला, परत लहान केला.

"चौथ्या क्वार्टरला पण ती याच रिंगवर येईल ना?"

"हाव, याच रिंगवर."

ते परत पहिल्या ओळीत जाऊन बसले.